नववी ते बारावीचे गुण अमेरिकी विद्यापीठाला कसे कळवायचे?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे याच वाटेवर असलेल्या इतर पालकांनाही संदर्भ लागेल. तुमची मुलगी सांगलीत राज्य मंडळाची बारावी सायन्स करतेय. दहावीपर्यंत सेमी-इंग्रजी शाळा, दहावीला ९४.२० टक्के. अकरावीला प्रवेश कनिष्ठ महाविद्यालयात, पण दिवसभर क्लास. कॉलेजात जाणं फक्त प्रॅक्टिकलला आणि परीक्षेला. अकरावीला ६३ टक्के. आता तिला अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीसाठी अर्ज करायचेत. एका सल्लागारांनी सांगितलं की गुण ४ पैकी जीपीएमध्ये, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या सरासरी श्रेणीत, बदलून द्यावे लागतील आणि अकरावीची गुणपत्रिका ‘जरा नीट करून घेऊ’. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्र अधिकृत कागद, मागितला तर कॉलेजच्या ऑफिसात ‘असलं ट्रान्स्क्रिप्ट आम्ही देत नाही’ म्हणाले. आणि नववीचं प्रगतिपुस्तक मराठीत आहे.

मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलं. परदेशी अर्जांची कागदपत्रं तिथेच माझ्याकडे यायला लागली आणि आता मी पूर्णवेळ तेच काम करते. त्या अनुभवावरून सांगते, तुमची अडचण रूपांतराची नाहीच. अर्ज वाचणाऱ्या माणसाने सांगली पाहिलेली नाही, राज्य मंडळ म्हणजे काय ते त्याला जेमतेम ठाऊक असतं. त्याला हे गुण विश्वासाने वाचता आले पाहिजेत. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: कागदावर जे आहे ते जसंच्या तसं, आणि ते कसं वाचायचं याची माहिती शाळेच्या तोंडून. पहिलं काम मुलीचं, दुसरं शाळा-कॉलेजचं. मी पाहिलेल्या बहुतेक गोंधळांत एकाचं काम भलत्यानेच केलेलं होतं.

तर पहिलं म्हणजे रूपांतर करू नका. ९४.२० टक्क्यांना कुठल्या तरी संकेतस्थळावरच्या तक्त्याने भागून ३.९ लिहिलं, तर तो आकडा ना बोर्डाचा, ना शाळेचा, ना विद्यापीठाचा. ज्या विद्यापीठाला जीपीए हवा असतो ते आपल्या पद्धतीने स्वतः काढतं, आणि त्यासाठी त्याला मूळ गुणच लागतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर परदेशी शाळांतल्या विद्यार्थ्यांना सांगते की गुण कागदावर आहेत तसेच लिहा, बदलू नका. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठी एकत्र चालणाऱ्या ऑनलाइन अर्जात, जीपीएचा रकाना दिसला की मुलं घाबरतात. शाळा जीपीए देत नसेल तर तो कोरा राहू द्या. वर्गातल्या क्रमांकाचंही तसंच: कॉलेज अधिकृतपणे क्रमांक देत नसेल तर ‘नन’ (None, म्हणजे क्रमांक नाही) निवडायचं. ‘क्लासमध्ये तिसरी होती’ हा क्रमांक तिथे चालत नाही. तुमच्या शाळेच्या छापील कागदावरच जीपीए असेल, जसा काही आंतरराष्ट्रीय शाळांच्या असतो, तर मात्र तो लिहायचा.

मग टक्के पाहून तिकडचा माणूस गैरसमज करून घेणार नाही का? घेऊ शकतो, आणि ही काळजी रास्त आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत ९० च्या वर ए, ८० च्या घरात बी, ७० च्या घरात सी अशी श्रेणी असते. आपल्याकडे ३५ ला उत्तीर्ण, ४५ ला द्वितीय श्रेणी, ६० ला प्रथम श्रेणी आणि ७५ ला विशेष प्रावीण्य. म्हणजे आपल्या फिजिक्समधले ७८ तिकडे कुणी साधारण मानेल, जेव्हा इथे ते विशेष प्रावीण्याच्या पट्ट्यात बसतात. यावर उपाय म्हणजे ‘स्कूल प्रोफाइल’ नावाचा एक-दोन पानांचा कागद. तो कॉलेजने द्यायचा असतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळ्या अर्जात सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी कागद तोच आहे.

आता दहावीच्या गुणपत्रिकेकडे बघा. तिथे तीन ठिकाणी पालक अडखळतात. एक, बेस्ट ऑफ फाइव्ह. विषय सहा, पण टक्के सर्वोत्तम पाचांचे, ५०० पैकी. अर्जात आणि ट्रान्स्क्रिप्टमध्ये सहाही विषयांचे गुण यायला हवेत. टक्केवारी मात्र बोर्डाने छापली आहे तीच द्यायची आणि ती पाच विषयांची आहे हे लिहायचं. सहावा विषय गाळला तर गुणपत्रिकेची प्रत पोचल्यावर ते दिसणारच. दोन, चित्रकला किंवा खेळाचे वाढीव गुण. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या ए ग्रेडचे ७ गुण एकूण बेरजेत धरलेले असतील, तर विषयवार बेरीज आणि छापील बेरीज जुळत नाही आणि वाचणारा गोंधळतो. एका वाक्यात खुलासा करा. तीन, गणित. आपल्याकडे भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती, दोन्हींच्या ४०-४० गुणांच्या वेगळ्या प्रश्नपत्रिका, वर २० अंतर्गत, आणि गुणपत्रिकेवर मात्र नुसतं ‘मॅथेमॅटिक्स’ १०० पैकी. तिकडे बीजगणित आणि भूमिती हे वेगवेगळ्या वर्षांचे वेगवेगळे विषय असतात, आणि मुलीने भूमिती केली आहे की नाही हे ते पाहतात. शाळेने दिलेल्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये विषयाखाली हे दोन भाग नावानिशी यावेत.

हे बोर्डाचे गुण कॉमन ॲपमध्ये कुठे लिहायचे, हेही अनेकांना सापडत नाही. ते चाचण्यांच्या विभागात आहेत. तिथे परदेशी विद्यार्थ्यांना एक प्रश्न येतो: तुमच्या शिक्षणपद्धतीत वरच्या वर्गात जाणं राज्य किंवा राष्ट्रीय मंडळाच्या शालान्त परीक्षेवर अवलंबून आहे का? हा विभाग फक्त सॅट या अमेरिकी प्रवेश परीक्षेसाठी आहे असं समजून मुलं ‘नाही’ दाबून पुढे जातात. आपलं उत्तर ‘होय’ आहे. मग मंडळाचं नाव, परीक्षेचा महिना, विषय आणि गुण असे रकाने उघडतात. दहावीचे मिळालेले गुण भरायचे. बारावीचे विषय परीक्षा व्हायची आहे म्हणून लिहायचे. अपेक्षित गुण लिहायचे असतील तर ते शिक्षकांनी दिलेले असावेत, आपल्या आशेचे नव्हेत.

‘ज्युनियर कॉलेज’ या नावाबद्दल थोडं थांबून लिहावंच लागेल, कारण महाराष्ट्रातल्या मुलांचं यात खरोखर नुकसान होतं. अमेरिकेत ज्युनियर कॉलेज म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षांची संस्था. अर्जात माध्यमिक शाळेचा एक भाग असतो आणि त्याच्या पुढे ‘कॉलेज आणि विद्यापीठे’ असा दुसरा. आपली मुलं कॉलेजच्या नावात ‘कॉलेज’ आहे म्हणून ते दुसऱ्या भागात टाकतात. मग वाचणाऱ्याला दिसतं की ही मुलगी दहावीला शाळा संपवून पदवीच्या पातळीवर शिकतेय. काही ठिकाणी असा अर्ज थेट बदलीच्या, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून पदवी अर्धवट सोडून येणाऱ्या, विद्यार्थ्यांच्या ढिगात जाऊ शकतो. तुमच्या मुलीचं कनिष्ठ महाविद्यालय ही तिची सध्याची माध्यमिक शाळा आहे. ते तिथेच लिहायचं. यादीत नाव न सापडल्यास स्वतः नाव-पत्ता भरण्याची सोय असते. दहावीपर्यंतची शाळा ‘इतर माध्यमिक शाळा’ म्हणून. ती का सोडली असं विचारतात, तिथे एवढंच लिहा की महाराष्ट्रात राज्य मंडळाची माध्यमिक शाळा दहावीपर्यंत असते आणि अकरावी-बारावीसाठी विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयात जातात. ‘उच्च माध्यमिक, इयत्ता ११ आणि १२’ हे शब्द ट्रान्स्क्रिप्टच्या मथळ्यातही असू द्या. गोव्यात या वर्गांना ‘हायर सेकंडरी स्कूल’ म्हणतात, त्यामुळे तिथल्या मुलांना ही अडचण सहसा येत नाही.

आता अकरावी. तुमच्या पत्रातली सगळी धास्ती तिथे आहे हे मला कळतं.

६३ टक्के ही अडचण आहे, पण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. ‘नीट करून घेतलेली’ गुणपत्रिका मात्र सगळंच संपवू शकते. अर्जाच्या शेवटी मुलगी सही करते की दिलेली माहिती खरी आहे. खोटी निघाल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो, शिकायला लागल्यानंतरही. हे नुसतं छापलेलं कलम नाही. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात २०२४ मध्ये भारतातून गेलेल्या एका विद्यार्थ्याची बनावट गुणपत्रिका आणि वडिलांच्या मृत्यूचा खोटा दाखला उघडकीला आला. विद्यापीठातून नाव गेलं, कोर्टात गुन्हा कबूल करावा लागला, आणि तो मुलगा भारतात परतला. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या आयुष्याचं हे काय झालं, याचा विचार करून मला आजही वाईट वाटतं. कागद बनवून देणारी माणसं अशा वेळी कुठे असतात? सही मुलीची असते, त्यांची नसते. म्हणून ताई, ज्यांनी ही भाषा केली त्यांच्याकडून काम ताबडतोब काढून घ्या. त्यांना मुलीच्या कॉमन ॲपचा पासवर्ड दिला असेल तर आजच बदला, आणि काउन्सेलर म्हणून, म्हणजे कॉलेजच्या वतीने कागद पाठवणारी व्यक्ती म्हणून, त्यांनी कुठला ईमेल टाकलाय ते स्वतः उघडून बघा. सल्लागाराने प्राचार्यांच्या नावाचा ईमेल तयार करून स्वतःच कागद चढवणं, ही फसवणूक मी प्रत्यक्ष पाहिलेली आहे.

मग खरे ६३ कसे मांडायचे? अकरावीची परीक्षा बोर्डाची नसते. घटक चाचण्या, सहामाही, वार्षिक यांची सरासरी कॉलेज काढतं, आणि पेपर तपासण्याची कडक-सैल पद्धत प्रत्येक कॉलेजची आपली असते. तुमच्या कॉलेजात अकरावी सायन्सला पहिल्या आलेल्याला ७४ असतील, तर ६३ चा अर्थ वेगळा होतो. पहिल्याला ९५ असतील तर वेगळा. हे कॉलेजच्या निकालपत्रकातून कळतं, आणि काउन्सेलरच्या पत्रात ते एका वाक्यात येऊ शकतं: अकरावीत इतके विद्यार्थी, त्यातल्या इतक्यांना ६० च्या वर. मात्र आकडे अनुकूल असोत वा नसोत, ते कॉलेजने द्यायचे. तुम्ही अर्जात लिहिलेत तर ते सबबीसारखे वाचले जातात.

क्लासचं काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय. लपवू नका आणि त्यावर पानंही भरू नका. ‘अतिरिक्त माहिती’च्या चौकटीत, जी आता ३०० शब्दांची आहे, तीन-चार साधी वाक्यं पुरतात: अकरावीत प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी क्लासला बराच वेळ जात होता, कॉलेजच्या परीक्षांचा अभ्यास कमी पडला, बारावीत वेळापत्रक बदललं, सहामाहीला इतके गुण आहेत. शेवटचं वाक्य खरं असलं तरच त्याला वजन. त्यामुळे तिला येती सहामाही मनापासून द्यायला सांगा. अकरावीत घसरण आणि बारावीत चढण हा आलेख तिकडे नीट वाचला जातो. दोन्ही वर्षी घसरण असेल तर खुलाशाचा उपयोग होत नाही.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे आणि ते मी मोकळेपणाने सांगते. मोठी सरकारी विद्यापीठं हजारो अर्ज हाताळतात, तिथे गुणांच्या आकड्याला जास्त वजन असतं आणि कॉम्प्युटर सायन्सला तर चुरस फारच. छोटी खाजगी कॉलेजं सगळी फाइल वाचतात, तिथे शिक्षकांचं पत्र आणि खुलासा यांना जागा मिळते. शिष्यवृत्ती मागितली आहे की नाही यानेही चित्र बदलतं. सॅट दिली असेल आणि गुण चांगले असतील तर अकरावीची बाजू थोडी सावरते, कारण ती मोजपट्टी तिकडच्या लोकांच्या ओळखीची आहे. एमआयटी, जॉर्जिया टेक, पर्ड्यू अशा ठिकाणी ती लागतेच. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेश ठरवताना ती पाहतच नाही. तेव्हा ‘६३ वर प्रवेश मिळेल का’ याचं एकच उत्तर कुणी छातीठोकपणे दिलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. यादी करताना दोन्ही प्रकारची कॉलेजं ठेवा.

आता कॉलेजच्या ऑफिसबद्दल. ‘आम्ही देत नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘हे काय आहे ते आम्हाला माहीत नाही आणि माहीत नसलेल्या कागदावर सही करायची भीती वाटते’ असा असतो. ती भीती रास्त आहे. म्हणून खिडकीवर क्लार्कला विचारू नका. उपप्राचार्यांची वेळ घ्या, लेखी अर्ज द्या आणि सोबत ट्रान्स्क्रिप्टचा नमुना टाइप करून न्या. नमुना साधा असतो: वर कॉलेजचं लेटरहेड, मुलीचं नाव, जन्मतारीख, जनरल रजिस्टर क्रमांक, खाली तक्ता, त्यात इयत्ता, विषय, कमाल गुण, मिळालेले गुण, शेवटी उत्तीर्ण होण्याची मर्यादा, सही, गोल शिक्का, तारीख. त्यांना दाखवा की यात नवीन काहीच नाही, त्यांच्याच निकालपत्रकातले आकडे इंग्रजीत एका पानावर आहेत. मूळ गुणपत्रिका सोबत ठेवा, म्हणजे तिथेच ताडून पाहता येतात. एवढी तयारी करून गेल्यावर नाही म्हणणारे उपप्राचार्य मला क्वचितच भेटले.

कॉलेजात काउन्सेलर नाही म्हणून अडून बसू नका. त्या जागी प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक चालतात. कॉमन ॲपमध्ये मुलीने त्यांचा ईमेल दिला की त्यांना दुवा जातो आणि ते स्वतः ट्रान्स्क्रिप्ट, प्रोफाइल आणि पत्र चढवतात. त्याआधी मुलीला एक निवड करावी लागते: ही शिफारस नंतर पाहण्याचा हक्क सोडायचा की ठेवायचा. हा हक्क अमेरिकेतल्या १९७४ च्या ‘फर्पा’ या शैक्षणिक नोंदींच्या कायद्याने मिळालेला आहे. तो सोडावा असाच माझा सल्ला असतो, कारण मग पत्रावर विश्वास बसतो. ईमेल शक्यतो संस्थेचा असावा. बऱ्याच अनुदानित कॉलेजांचा पत्ता अजून जीमेलचाच आहे. तसं असेल तर लेटरहेडवर कॉलेजचा दूरध्वनी स्पष्ट हवा, कारण विद्यापीठ पडताळणीसाठी फोन किंवा ईमेल करू शकतं. सर कॉम्प्युटरवर अडत असतील तर मुलीने शेजारी बसून बटण कुठे आहे ते दाखवायला हरकत नाही. लॉग-इन आणि चढवणं त्यांच्याच हाताने व्हावं.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. ‘तूच पत्र लिहून आण, मी सही करतो’ असं शिक्षक म्हणतात, कारण त्यांच्यावर दीडशे मुलांचा भार असतो. तसं पत्र लिहून नेऊ नका. त्याऐवजी एका पानावर मुद्दे द्या: तिने केलेला प्रकल्प, वर्गात विचारलेला एखादा प्रश्न, घरची परिस्थिती, अकरावीत काय झालं. पत्राची भाषा शिक्षकांची असू दे. साधी, चार ठिकाणी अडखळलेली इंग्रजी चालते. ज्या शिक्षकांना ती खरोखर माहीत आहे त्यांनाच विचारा. तुमच्या बाबतीत ते प्रॅक्टिकल घेणारे सर असतील तर तेही उत्तम.

आता ते स्कूल प्रोफाइल. कॉलेजकडे नसणारच, त्यामुळे माहिती गोळा करायला मुलीने मदत करावी आणि प्राचार्यांनी तपासून सही करावी. त्यात कॉलेजचं वर्णन चार ओळींत आटपा: शहर, अनुदानित की विनाअनुदानित, शाखा, बारावी सायन्सची पटसंख्या. जोर द्यायचा तो गुण कसे दिले जातात यावर. श्रेणीच्या मर्यादा, ज्या वर लिहिल्या. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर एकाच वेळी होते आणि उत्तरपत्रिका कॉलेजबाहेर तपासल्या जातात. फिजिक्स, केमिस्ट्रीचे ७० गुण लेखी आणि ३० प्रॅक्टिकलचे. गणिताचे ८० आणि २०.

आणि गणिताबद्दल आणखी एक वाक्य, जे तुमच्या मुलीसाठी सोन्याचं आहे. आपल्या विषयाचं छापील नाव ‘मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स’. या नावावरून मुलीने कॅल्क्युलस केलं आहे हे कुणालाच कळत नाही. बारावीच्या दुसऱ्या भागात डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरेन्शियल इक्वेशन्स हे सगळं आहे. तिकडे इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करणाऱ्यांत कॅल्क्युलस झालेलं आहे की नाही हे आवर्जून पाहतात. प्रोफाइलमध्ये आणि ट्रान्स्क्रिप्टच्या तळटीपेत ते लिहिलेलं असायला हवं. तिने द्विलक्षी विषय घेतला असेल, समजा कॉम्प्युटर सायन्स, तर तो २०० गुणांचा आहे आणि दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय यांच्या जागी येतो, हेही सांगा. नाहीतर बाकीच्यांपेक्षा हिचे विषय कमी का, असा प्रश्न पडतो.

इथवर आलो ते असं: मुलगी अर्जात छापील गुण लिहिते, कॉलेज ट्रान्स्क्रिप्ट, प्रोफाइल आणि पत्र पाठवतं, अकरावीचा खुलासा दोन्हीकडून थोडक्यात येतो. राहिली नववी, तारखा आणि काही किरकोळ गोष्टी.

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, म्हणून नववी लागतेच. प्रगतिपुस्तक मराठीत असेल तर भाषांतरकाराकडे जाण्याआधी शाळेत जा. शाळेनेच नववी आणि दहावीचे गुण इंग्रजीत लेटरहेडवर दिले तर तो अधिकृत कागद होतो आणि वेगळं भाषांतर लागत नाही. मुख्याध्यापक तयार नसले तर प्रमाणित भाषांतर करून मूळ मराठी प्रतीसोबत जोडायचं. शाळेचा कागद तयार झाला की कॉलेजचे काउन्सेलर तो आपल्या ट्रान्स्क्रिप्टसोबत चढवू शकतात. शाळेला वेगळं खातं उघडावं लागत नाही.

नाव सगळीकडे पासपोर्टप्रमाणे. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. अर्जात पहिलं नाव, मधलं, शेवटचं असा क्रम असतो, आणि घाईत आडनाव पहिल्या रकान्यात जातं. मग सॅटचा निकाल एका नावाने, अर्ज दुसऱ्या नावाने, आणि फाइल जुळत नाही. नवीन पासपोर्ट काढायचा असेल तर स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळतंय ना, ते आधी बघा.

सगळीकडे कॉमन ॲप नसतं. एमआयटीचा अर्ज वेगळा आहे आणि त्यात विषय-गुण मुलीने स्वतः भरायचे असतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचंही पोर्टल वेगळं. तिथे अर्जाच्या वेळी ना ट्रान्स्क्रिप्ट मागतात ना शिक्षकांचं पत्र, म्हणजे नववीपासूनचा प्रत्येक विषय तुम्ही भराल तोच त्यांच्यासमोर असतो. प्रवेश मिळाल्यावर अधिकृत कागद मागवून ताडून पाहतात. भरताना गुणपत्रिका शेजारी ठेवा आणि दुसऱ्या कुणाकडून एकदा वाचून घ्या. काही विद्यापीठं परदेशी गुणपत्रिका तपासून देणाऱ्या मूल्यमापन संस्थेचा अहवाल मागतात, अशा वेळी डब्ल्यूईएस किंवा ‘नेसेस’ या संघटनेच्या दुसऱ्या एखाद्या सदस्य संस्थेकडून तो करून घ्यावा लागतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला बहुतेक ठिकाणी त्याची गरज नसते. विद्यापीठाच्या पानावर स्पष्ट लिहिलं असेल तरच पैसे खर्च करा.

तारखांचं गणित असं. लवकरच्या फेरीची मुदत साधारण १ नोव्हेंबर, कॅलिफोर्नियाची नोव्हेंबरअखेरच्या सुमारास, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. आपली प्रिलिम जानेवारीत. त्यामुळे अर्जासोबत नववी, दहावी, अकरावी आणि बारावीची सहामाही एवढंच जातं, आणि ते पुरेसं आहे. तुमच्या मुलीची सहामाही ऑक्टोबरात असेल तर मी १ नोव्हेंबरची घाई करणार नाही. ते गुण हाती घेऊन नेहमीच्या फेरीत जाणं तिच्यासाठी जास्त शहाणपणाचं. प्रिलिमचे गुण फेब्रुवारीत ‘मिड-इयर रिपोर्ट’ म्हणून काउन्सेलरनी पाठवायचे. विद्यापीठांचे निर्णय साधारण मार्चअखेरपर्यंत येतात, होकार १ मेपर्यंत कळवायचा, आणि बोर्डाचा निकाल अलीकडे मे महिन्यात लागतो. म्हणजे प्रवेश आधी आणि बारावीचे गुण नंतर. या क्रमामुळे मुलं मार्चनंतर ढिली पडतात. प्रवेश अटीवर असतो. बारावीचे गुण फारच कोसळले तर तो काढून घेतला जाऊ शकतो. शेवटचा ट्रान्स्क्रिप्ट जूनअखेरपर्यंत पोचवायचा अशी तयारी ठेवा, कॅलिफोर्नियाची मुदत १ जुलै असते. मे-जूनच्या सुट्टीत प्राचार्य गावाला असतात, तेव्हा शेवटचा रिपोर्ट कोण चढवणार हे एप्रिलमध्येच बोलून ठेवा.

आणि मूळ गुणपत्रिका कुणालाही पोस्टाने पाठवू नका, सल्लागाराकडे ठेवायलाही देऊ नका. कॉलेजने साक्षांकित केलेली प्रत पुरते, शिवाय डिजिलॉकरवर बोर्डाची प्रत मिळते. एखाद्या विद्यापीठाने बंद पाकिटात कागद मागितले तर पाकीट कॉलेजने बंद करून जोडावर शिक्का मारायचा, आणि तुम्ही ते न उघडता कुरिअर करायचं. मूळ कागद मुलीच्या फायलीत राहू देत. ऑगस्टमध्ये तिकडे गेल्यावर पडताळणीला मागितले तर ते तिच्या हाताशी असले पाहिजेत.